उरलेली अर्धी

करवंटीतला इंगळ वाऱ्यावर लाल होत होता, पण सिगारेट काही पेटेना.

मी काजऱ्याच्या झाडाखाली, देवचाराच्या खडकापुढे उकिडवी बसले होते. दिवस कलला होता. खाली आमची वाडी माडांच्या शेंड्यांत बुडून गेली होती आणि वर सड्याच्या उघड्या कातळावर नुसता वारा. पाठीमागे, शिवेच्या अलीकडे, सोमा घाडी माझ्याकडे पाठ करून उभे होते. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं. उरलेलं काम माझं होतं.

“झाला काय गो सुने?”

“नाय, काका. पेटना नाय.”

“पेटात. घाई करू नको. इंगळ लाव आणि फुकर घाल. पण तोंडात धरू नको हां.”

हे त्यांनी वर येतानाही सांगितलं होतं. शिवेवरच्या राखणदाराला विडी द्यायची, सिगारेट द्यायची, ती कोरी द्यायची. “उष्टी दिलंस तर तो देवचार ऱ्हवना नाय,” ते म्हणाले होते, “सोयरो होता. आणि सोयरो घराकडे येवक लागलो तर तेका नको कोण म्हणतला?”

इंगळ सिगारेटीच्या टोकाला टेकवला की कागद काळा पडायचा, तंबाखूचा एखादा कण चमकायचा आणि वारा तो पुसून टाकायचा. काडेपेटी चालत नव्हती. घरच्या चुलीतलाच विस्तव हवा होता, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत राखेत मिटत चालला होता. हा विझला की पुन्हा पुढच्या अवसेपर्यंत थांबायचं. तोवर पाय थांबला असता का, हे मला कोण सांगणार होतं?

पाय माझ्या यजमानांचा. जनार्दन त्यांचं नाव, वाडीतले पाडेली. माडावर चढून नारळ उतरवायचे, हे त्यांच्या वडलांचं काम, आजाचंही तेच. लग्न होऊन आले तेव्हा मी खाली उभी राहून बघायची, तर आभाळच हलतंय असं वाटायचं. आई जात्यावर म्हणायची त्या चालीवर मी मनातल्या मनात माझी ओवी जुळवत राहायची:

माझ्या गं कंथाचा, पाय माडाच्या खोडाला
वाऱ्या रे हळू चाल, जीव टांगला झाडाला

तेव्हा पाडेलींची जोडी होती. हे आणि गंगाराम. गंगाराम सडाफटिंग, जेवायला बहुतेक आमच्याकडेच. एक सिगारेट दोघांत चालायची. वर चढलेला शेंड्यात बसून अर्धी ओढायचा आणि उरलेली अर्धी खाली आणून दुसऱ्याच्या हातात द्यायचा, की मग दुसरा चढायचा. कोणी कधी जास्त ओढली म्हणून त्यांचं भांडण झालेलं मी ऐकलं नाही. आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गंगाराम आमच्या विहिरीमागच्या वाकड्या माडावरून पडला. जागच्या जागी गेला. त्यानंतर हे आख्खी ओढायला लागले. आख्खीवर आख्खी. तो वाकडा माड तेव्हापासून कोणी चढलं नाही. त्याचे नारळ सुकून आपोआप पडायचे.

मग ह्यांच्या पायाचं बोट गार पडलं. गार, मग निळं, मग काळं. ठणका असा की पाय खाटेखाली लोंबता ठेवून बसून राहायचे. बेळगावच्या डॉक्टरांनी बोट काढलं आणि मला बाजूला घेतलं.

“पायाच्या रक्तवाहिन्या आवळत चालल्यात, बाई. सिगारेटीनं. याला दुसरं औषध नाही. ओढणं बंद झालं तर पाय राहील. आणि कमी करून चालणार नाही, बंदच.”

“आणि नाय झाला तर?”

“आज बोट काढलं. उद्या पाऊल काढायला याल.”

एक बोट नसलेला माणूस माडावर चढू शकतो. पाऊल नसलेला दारात बसतो. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर सगळे उपाय झाले. खिशात लवंगा झाल्या, वेलची झाली, मिठात मुरवलेले आल्याचे तुकडे झाले, भाजलेला ओवा झाला. “माज्या तोंडाचो मसाल्याचो डबो केलंस,” हे म्हणायचे आणि ओवा चावत चावतच काडेपेटी शोधायचे. पाकीट मी तांदळाच्या पिंपात पुरलं, तर वळणावरून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे मागून ओढून आले. आईची शपथ घातली. ती दुपारपर्यंत टिकली. मग एक दिवस गोठ्यामागे मला दिसले. थोटूक हातात, आणि गाल ओले.

“वैजू,” म्हणाले, “माका दाव्यान बांद गो. ढोरासारखा बांद.”

त्या दिवशी मी सोमा घाडींकडे गेले. म्हातारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “तल्लफ ही चालती वस्तू, सुने. ती मरना नाय. कोणाक तरी दिल्याबगर जाणा नाय. दिवया देवचाराक. तो पचवता.” ह्यांना सडा चढवत नव्हता, म्हणून ह्यांनी घरीच सिगारेटीला हात लावून “दिलंय” म्हटलं आणि पोचवायचं काम मी घेतलं.

तर इंगळ विझत होता.

मी मागे बघितलं. सोमा घाडींची पाठच दिसत होती. मी सिगारेट तोंडात धरली, इंगळ टोकाला लावला आणि ओढली.

जन्मात मी ती ओठाला लावली नव्हती. ठसका यायला हवा होता, डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. काही आलं नाही. धूर आत गेला तो वाट ठाऊक असल्यासारखा.

पेटली. मी ती घाईघाईनं खडकाच्या भेगेत उभी केली आणि हात जोडले. इतका वारा, पण तिचा धूर सरळ वर जात राहिला. टोक उजळायचं, मंद व्हायचं. उजळायचं, मंद व्हायचं. दिवसभराचं काम करून बसलेला माणूस ओढतो ना सवडीनं, तसं. मी बघत राहिले. अर्ध्यावर आली आणि विझली. कोणीतरी ओढायचं थांबवल्यासारखी.

“जळली?” घाडींनी विचारलं.

“जळली.”

“तोंडात धरूक नाय ना?”

मी नाही म्हणून मान हलवली. उतरताना मागे बघायचं नाही, एवढं मात्र मी पाळलं.

त्या संध्याकाळपासून ह्यांनी सिगारेट मागितली नाही.

पहिल्या दिवशी मला खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सुंदरवयनी, शेजारची, कुंपणावरून डोकावून गेली. आठवड्यानं सगळी वाडी बघायला आली. हे ओसरीवर बसून दोर वळत होते. हात थरथरत नव्हते. रात्री पडल्या पडल्या झोप लागायची.

“जनू, एखादी तरी वड रे,” लोक म्हणायचे. “देवचाराक एकट्याक कंटाळो येयत.”

हे हसायचे. मला एकदा म्हणाले, “काय तरी खंय विसरून इल्यासारखा वाटता गो. पण काय ता आठवना नाय.”

पाय कोमट झाला. मग ऊन झाला. मी रोज हात लावून बघायची, भाकरीचा तवा बघतात तशी. जखम सुकली. काठी घेऊन अंगणात फिरू लागले. मी सोमा घाडींच्या हातून राखणदाराला नारळ दिला आणि मनात म्हटलं, सुटलो आपण.

आणि तिन्हीसांज झाली की माझा जीव उडायचा.

आधी कळलंच नाही काय होतंय ते. दिवा लावायला जावं तर हात काडीच्या ज्योतीवर थांबून राही, बोट भाजेपर्यंत. उजव्या हाताची दोन बोटं आपोआप ताठ आणि जवळ जवळ. छातीत एक पोकळी, भुकेसारखी पण भूक नव्हे, कारण पोटभर जेवलं तरी ती तशीच. मग वास यायला लागला. अंगणात, तुळशीपाशी, विहिरीवर. साध्या सिगारेटीचा, थोडा घामाचा, थोडा नारळाच्या ओल्या सोडणाचा. मी ह्यांना विचारलं, “वास येता?” हे नाक वर करून म्हणाले, “पोयीचो. माड फुललेत.”

एका सांजेला विहिरीवर घागर बुडवताना वर बघितलं. वाकड्या माडाच्या शेंड्यातून धुराची रेघ निघत होती. बारीक, निळसर. झावळ्या हलत होत्या आणि रेघ हलत नव्हती. मी घागर तशीच सोडून घरात आले, देवापुढे बसले आणि मला काय वाटलं म्हणून सांगू? भीती नाही वाटली. हेवा वाटला. वर कोणीतरी ओढत होतं आणि मी खाली होते.

पुढे उलट्या सुरू झाल्या. सुंदरवयनीनं माझ्या तोंडाकडे बघितलं, हात धरून आत नेलं आणि दोन प्रश्न विचारले.

“गो बाये,” तिनं माझ्या पाठीत हलका धपाटा घातला, “आजार खंयचो? इतक्या वरसांनी देवान दार उघडल्यान तुजा.”

खरंच इतकी वर्षं झाली होती की आम्ही त्या दाराकडे बघायचंही सोडून दिलं होतं. हे बातमी ऐकून काठी न घेता उठले आणि मग काठी नाही हे आठवून खाली बसले.

“काय खावशी वाटता?” ही पहिली चौकशी. आमच्याकडे गरवार बाईचे डोहाळे पुरवायचेच. राहिले तर पोराचे कान वाहतात म्हणतात, आणि तशी कान वाहणारी एक-दोन पोरं वाडीत दाखवतातही. हे कामाला लागले. कैऱ्या आणल्या, चिंच आणली, कोवळे अडसर नारळ आणले, सुके बांगडे भाजले, भाजक्या मातीचं ढेकूळसुद्धा फडक्यात बांधून आणलं.

“सांग गो. चंद्र व्हयो तर तो पण पाडून हाडतंय. माडाहून वायच उंच, इतक्याच.”

“माका काय नको.”

“असा कसा? पोटातल्याक काय तरी व्हया असतला.”

मी सांगणार काय? पोटातल्याला काय हवं होतं ते मला चांगलं कळलं होतं. ते घरात आणायचं म्हणजे ह्यांच्या हाताशी आणायचं. ह्यांचं नुकतं ऊन झालेलं पाऊल मी रोज चाचपत होते. आणि दुसऱ्या हातानं पोट. दोन्हीकडे माझंच होतं, आणि एकाला द्यावं तर दुसऱ्याचं जात होतं. मी चुलीतली राख खाल्ली. झावळी जळलेली निवडून, करवंटीची निवडून. राखेत नव्हतं ते.

डोहाळजेवणाला सुंदरवयनीनं पाचव्यातच बायका जमवल्या. माझ्या डोक्यात अबोली माळली, पाटावर बसवलं, आणि गाणं जुळवलं त्यांनी माझ्यावरच:

चिंच गे खाल्ली, आंबो गे खाल्लो, जीव तरी भरना
सांग गे बाये, डोहाळो कसलो, आमकां काय कळना

बायका फेर धरून हसत होत्या. आणि माझी दोन बोटं मांडीवर ताठ झाली होती. सुंदरवयनीनं बघितलं. तिचं गाणं तोंडातल्या तोंडात राहिलं. जाताना मला म्हणाली, “तुज्या बोटांक काय झाला गो? गंगाराम धरी तशी धरतंस.”

दुसऱ्या दिवशी मी तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि ते जुनं पाकीट काढलं. हे ओसरीवर दोर वळत होते. मी करवंटीत इंगळ घेतला आणि विहिरीमागे गेले. वाकड्या माडाच्या बुंध्याशी बसले. आता ठरलं होतं. एकदा ओढायची, पोटातल्याचं भागवायचं, पाकीट विहिरीत टाकायचं. सिगारेट ओठात धरली, इंगळाकडे वाकले, आणि काठीचा आवाज आला.

“वैजू.”

मी ओठातली सिगारेट मुठीत घेतली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“हाड ती,” हे म्हणाले.

“तुमी हात लावू नकात. तुमचो पाय जायत.”

“आणि तुज्या तोंडात गेली तर? पोटात कोण आसा तेचा काय?”

“तेकाच व्हयी ती,” मी म्हणाले.

मग सांगून टाकलं. खडक, वारा, विझता इंगळ, तोंडात धरलेली सिगारेट. अंगणातला वास, शेंड्यातला धूर. हे विहिरीच्या कठड्यावर बसून ऐकत होते. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. एकदाच मधे बोलले.

“म्हणजे माजी तल्लफ तुका गेली.”

“तुमची नाय,” मी म्हणाले. हे शब्द माझे मलाच नवे होते. “तुमची आख्खी असायची. माका आख्खी नको वाटता.”

“मगे कशी व्हयी वाटता?”

“अर्धी. उरलेली अर्धी. वरची.”

ह्यांची मान हळूहळू वर गेली. वाकड्या माडाच्या खोडावरून, एकेका खाचेवरून, शेंड्यापर्यंत. मग बोलायला लागले ते माझ्याशी नव्हे, असं वाटत होतं.

“त्या दिवशी तो हेच्यावर होतो. मी हंय, तू बसलंस थंय, पाळी येवची वाट बघत. वरना वरडलो, ‘अर्धी ठेवलंय रे तुका.’ मी हसान हात वर केलंय. सिगरेट घेवक.” त्यांनी तळहात उघडून बघितला. “मगे तोच इलो. सिगरेट इली नाय.”

विहिरीत एक सुकं पान पडलं.

“मी कोणाक सांगूक नाय ता. काय सांगतलंय? मेलेल्या माणसाची अर्धी सिगरेट शोदली म्हणान? शोदलंय मी. पाचोळो उपसलंय. गावली नाय. ती अजून तेच्याकडेच आसा, वैजू. ती माका देवक तो फिरता. शिवेर गेलो, तू थंय वाट दिलंस, तो घराकडे इलो.”

ते उठले. सदरा काढून कठड्यावर ठेवला. माझ्या मुठीतली सिगारेट सोडवून घेतली, तशी ती मी दिलीच, आणि कानावर अडकवली. इंगळाची करवंटी दोरीनं बांधून कमरेच्या आकडीला, कोयती अडकवतात तिला, लटकवली. खांद्यावर टाकून आणलेल्या दोराचा फास पायात घातला.

“तुमचो पाय अजून—”

“पाय आसा. तुया राखलंस तो.”

“तोंडात धरू नकात.”

“नाय.”

“इंगळान पेटवा. फुकर घाला.”

“व्हय गो. तुज्याहून जास्त पेटवलंय मी.” एवढं हसून बोलले, आणि चढले.

तिन्हीसांजेचा उजेड फक्त शेंड्यांवर उरला होता. खाली काळोख साचत होता आणि हे काळोखातून उजेडाकडे चालले होते. बोट नसलेला पाय खाचेत चाचपत थांबायचा, मग भार घ्यायचा. माड वाकडा, जिथं तो वळतो तिथं माणूस खोडाच्या पोटाला लटकल्यासारखा होतो. गंगाराम तिथंच सुटला होता म्हणतात. तिथं हे थांबले. माझ्या तोंडात ओवी आली, मोठ्यानं आली, वाऱ्या रे हळू चाल. आणि वारा खरंच पडला. वाडीतला एकही माड हलेना.

हे झावळ्यांत शिरले. मग काही दिसेना.

थोड्या वेळानं वर एक तांबडा ठिपका दिसला. धुराची रेघ निघाली. ठिपका उजळायचा, मंद व्हायचा. उजळायचा, मंद व्हायचा. सवडीनं.

मी खाली उभी. वर सिगारेट ओढली जात होती एवढं कळत होतं. कोण ओढतंय, हे धुरावरून कळत नाही. एक झुरका ह्यांचा असला तरी मी हरले होते. हाक मारावी तर दचकून हात सुटेल. बघत राहावं तर छातीतली ती पोकळी एवढी मोठी झाली होती की मीच तिच्यात पडते की काय असं वाटत होतं. वर ह्यांचा आवाज ऐकू आला, हळू, शब्द कळत नव्हते. मग थांबला. कोणीतरी बोलतंय आणि हे ऐकतायत, तेवढा वेळ थांबला. मग परत हे बोलले. मग हसले. हसणं एकाचं नव्हतं.

ठिपका अर्ध्यावर थांबेल म्हणून मी वाट बघत होते. नाही थांबला. अगदी बारीक झाला आणि झावळ्यांत मिटून गेला. त्याच क्षणी माझी बोटं सैल झाली. हात पिशवीसारखा लोंबला. मी तो दुसऱ्या हातानं धरला.

हे उतरले तेव्हा अंगभर घाम होता आणि डोळे लाल. धुरानंही होतात.

“तोंड हंय हाडा,” मी म्हणाले.

त्यांनी लहान पोरासारखं तोंड उघडून पुढे केलं. मी वास घेतला. दुपारच्या कांद्याचा होता, आणि ओव्याचा. आणखी कसलाही नाही.

“सपली?”

“सपली. शेवटाक.”

“वाऱ्यान?”

“वारो खंय होतो गो?”

ते पायातला फास सोडवत म्हणाले, “आख्खी तुजी, म्हटलंय. माजी अर्धी मी सोडलंय. आता घेवन फिरू नको, दमलंस.”

“मगे?”

“मगे काय? वडल्यान.” फास सुटला. त्यांनी दोराची गुंडाळी केली. “आणि म्हणालो, भूक लागली.”

“कोण म्हणालो?”

मला विचारायचंच राहिलं पुढचं, कारण माझ्या पोटात काहीतरी वळलं. पहिल्यांदाच. मासळी पाण्यात उलटते तसं. मी माडाच्या बुंध्याला टेकले. ह्यांनी घाबरून माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मी कुठे हात धरलाय ते बघितलं.

“भूक लागली माका,” मी म्हणाले. आणि खरंच लागली होती, भाताची, साधी.

पुढं कधीतरी मी सोमा घाडींना खरं काय ते सांगितलं. तोवर पोट चांगलं दिसायला लागलं होतं. म्हातारा रागावेल म्हणून मी दारातच उभी होते. त्यांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

“उष्टा दिलंस म्हणजे सोयरो केलंस तेका,” ते म्हणाले. “सोयरे जातत खंय गो? येतत.” मग माझ्या पोटाकडे बघून, आशीर्वादाचा हात अर्धवट उचलून म्हणाले, “येवंदे.”

मुलगा झाला. कान चांगले निघाले, दोन्ही. आम्ही त्याचं नाव हरी ठेवलं. दुसरं एक नाव दोघांच्याही मनात होतं, ते मुद्दाम ठेवलं नाही.

ह्यांनी त्यानंतर सिगारेटीला हात लावला नाही. पाय राहिला, बाकीची बोटं राहिली, केस पिकेपर्यंत ते माड चढले. वाकडा माड मात्र कोणाला पाडू दिला नाही. पुढे एका वादळात तो स्वतःच आडवा झाला, कोणाच्या अंगावर नाही, घरावर नाही, मोकळ्या जागेत.

हरी आता वीज मंडळात लाइनमन आहे. खांबावर चढायची नोकरी. सिगारेट ओढत नाही, विडी नाही, तंबाखू नाही. मित्र ओढत असले तर उठून लांब जातो. त्याला आम्ही ह्यातलं काही सांगितलेलं नाही.

लहान होता, नुकता बोलायला लागला होता, तेव्हा मी त्याच्या हातात केळं दिलं. त्यानं अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं ह्यांच्यापुढे धरलं. “अर्धा तुका,” म्हणाला. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला, तळहात उघडून.

अजून तसंच चालतं. गणपतीला घरी येतो, बापलेक ओसरीवर बसतात, मी चहा नेऊन देते. ह्यांचा कप भरलेला असतो तरी हरी अर्धा पितो, बाकीचा न बोलता ह्यांच्याकडे सरकवतो, आणि आकडी-दोर नसलेले आपले हात मागे टेकून विहिरीच्या बाजूला बघत बसतो.

“आज तरी आख्खो पी रे,” हे म्हणतात.

तो हसतो. पीत नाही.